ड्रमातला माल कोण नेतं?

खण्ण! कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामावर वॉचमन होतो, तेव्हा भरदुपारी डबा खाताना हा आवाज ऐकला होता. 'मांजर असेल,' म्हणून उठलो नाही. सळ्यांची मोळीच गेली! तेव्हापासून माझा मांजरावरही विश्वास नाही. आणि त्यापायी यंदा मी जी माती खाल्ली, ती कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला?

खांदा कॉलनीत आमचं तळमजल्यावर घर. बायको गेली, तिचा मोगरा मागे राहिला. यंदा तोही पिवळा पडला.

सूनबाई म्हणाली, "बाबा, घरचं खत घाला. नाहीतर जाईल हो तो."

मी त्याच दिवशी कामाला लागलो. जुना ड्रम आणला, भोकं पाडली, खत काढायला बुडाशी सरकती फळी बसवली. भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, वर सुका पाला. शेजारचे करीमभाई, कुवेतहून कायमचे परतलेले, तेही रोज त्यांच्याकडची सालं आणून ओतायचे.

अडीच महिन्यांनी ड्रम काठोकाठ भरला. दोन दिवसांनी बघतो तर चार बोटं कमी!

वॉचमन तो वॉचमन. आतून कोळशाने रेघ ओढली. आठवड्यात माल रेघेच्या वीतभर खाली! झाकण आणि फळी साखळीने बांधून कुलूप लावलं. तरी खाली!

"सूनबाई, चोरी होतेय."

"कचऱ्याची? बाबा, घंटागाडी घरी येऊन फुकट नेते तो!"

पण मला सांगा, कुलपाची दुसरी चावी कोणाकडे? साल टाकायला म्हणून दिलेली, करीमभाईंकडे! आणि मिरच्या कोणाच्या कुंडीत लगडल्यात? त्यांच्याच! मग संशय काय अमेरिकेवर घेऊ?

सकाळी ते बादली घेऊन आले. मी रेघ दाखवली.

"माल कुठे जातो, करीमभाई?"

"कसला माल, दादा?"

"खत. तुमच्या मिरच्या काय उगाच लागल्या?"

त्यांनी बादली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "दादा, टोपभर मेथी शिजून वाटीभर होते. तेव्हा कोणावर आळ घेता? हे कुजतं, खाली बसतं."

"कुलूप लावल्यावरही?"

"कुजायला चावी लागत नाय, दादा."

माझे कान तापले. करीमभाई खाली वाकले. ड्रमाच्या बुडाची फळी सरकवून त्यांनी ओंजळभर खत काढलं. काळंभोर, भुसभुशीत. मोगऱ्याच्या मुळाशी घातलं, लेकराला थोपटावं तसं थोपटलं. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी.

माझे डोळे भरून आले. माफी मागायला तोंड उघडलं आणि जन्मभराच्या सवयीने बाहेर काय पडलं माहितेय?

"किती ओंजळी काढल्या, ते मोजलंत ना?"

करीमभाईंनी हात झटकले, सालांची बादली तशीच उचलली आणि निघून गेले.