विमा कंपनीने घेतलेली माझी मुलाखत

आरोग्यविमा बदलताना होणाऱ्या फजितीची कथा आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात निदान तीन पाठांत, म्हणजे तीन वेगळ्या रूपांत, ऐकायला मिळते. चाकणच्या पाठात कामगार जास्त पगारासाठी कंपनी सोडतो, जुन्या कंपनीचा विमा त्याच दिवशी संपतो आणि त्याच आठवड्यात त्याच्या आईला दवाखान्यात न्यावं लागतं. माणच्या पाठात आयटीतलं जोडपं असतं. नवरा बायकोच्या विम्यावर विसंबून आपला बंद करतो, बायको नवऱ्याच्या, आणि हे दोघांनाही कळतं ते दवाखान्याच्या काउंटरवर! तिसऱ्यात एजंटच गायब होतो. तो पाठ सर्वदूर आढळतो, त्यामुळे त्यात संशोधनमूल्य फारसं नाही.

मी सांगणार आहे तो चौथा. याचा निवेदक एकच, आणि फजिती झालेला माणूसही तोच. काय सांगू तुम्हाला, मूर्खांच्या लोककथा गोळा करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यांतली एक आपल्याच घरी घडेल, असं कधी वाटलं नव्हतं.

माझ्या पत्नीच्या, सुमतीच्या, पित्ताशयात खडे आहेत. शस्त्रक्रिया करायची तर बहिणीची ज्या डॉक्टरीणबाईंनी केली त्यांच्याकडेच, हा तिचा आग्रह. बाईंचं रुग्णालय आमच्या विमा कंपनीच्या यादीत नव्हतं. पॉलिसीचं नूतनीकरण दीड महिन्यावर आलं होतं, म्हणून कंपनी बदलायची ठरली आणि मी रफीकभाईंकडे गेलो. आकुर्डीत त्यांचं दुचाकींचं गॅरेज आहे आणि त्याच टेबलावर विम्याची एजन्सीही.

"पोर्ट करू, सर," ते म्हणाले. "खड्यांसाठी थांबायची वर्षं जुन्या पॉलिसीत भरलीत, ती नवीन कंपनी तशीच धरते. फक्त एक करा. जुन्या कंपनीला काही कळवू नका. नवीन हातात पडली की जुनी आपोआप सुटते."

"याला लेखी आधार आहे का?"

"मी सांगतोय ना, सर!"

"तुम्ही सांगताय ही मौखिक परंपरा झाली, रफीकभाई."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुमच्या स्कूटरचे ब्रेक लागतात, हेपण मी तोंडीच सांगतो. बसून घरी जाता की नाही?"

मौखिक परंपरेची थोरवी वर्गावर्गांतून शिकवलेला मी! तरी त्याच संध्याकाळी जुन्या कंपनीला पॉलिसी रद्द करण्याचं पत्र पाठवून मोकळा झालो. साधं नाही, तीन पानी. निरोप घेण्याचे काही संकेत असतात. कुणाला न सांगता उठून जाणं मला प्रशस्त वाटेना. कंपनीचं उत्तर आलं: पॉलिसी सात दिवसांत बंद होईल. सात समुद्र, सात बहिणी, सात दिवस. आकडा पाहून मला उलट बरंच वाटलं. तोवर नवी पॉलिसी येईलच, अशी माझी खात्री होती. घरात मी यातलं काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी, रफीकभाईंनी धाडलेल्या आमच्या अर्जावरून, नव्या कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज तरुण मुलीचा, मोठा नम्र. सुमतीची चौकशी अर्ध्या मिनिटात आटोपली. "खडे आहेत. बाकी काही नाही," एवढंच सुमतीने सांगितलं. मग फोन माझ्याकडे आला.

"सर, तंबाखू?"

"व्यसन म्हणून नाही. पण गावात गेल्यावर समोरच्याने पुढे केलेली चिमूट नाकारली, तर तो गाणं म्हणत नाही. त्यामुळे घ्यावी लागते."

"किती वर्षं?"

"गावोगाव हिंडायला लागून तीस वर्षं झाली."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. आजवर टिपणं काढणारा मीच असायचो. माझं बोलणं कुणी इतक्या मन लावून उतरवून घेतंय, हा अनुभव नवा होता. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला.

"मद्य घेता?"

"केवळ प्रसाद म्हणून. काही ग्रामदैवतांना दारूचा नैवेद्य असतो."

"म्हणजे कितीदा, सर?"

"जत्रा असेल तेव्हा. मावळात जत्रा पुष्कळ."

"कधी चक्कर, बेशुद्धी, झटके?"

"एकदा. जत्रेतच, उपाशीपोटी, भर उन्हात. माझ्या मते ती भोवळ होती. गावाच्या मते अंगात आलं होतं. मी थरथर कापत होतो, असं तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं. दोन्ही पाठ नोंदवून घ्या."

"घेतले, सर."

अशी चाळीस मिनिटं! शेवटी मी तिच्या प्रश्नावलीचं कौतुकही केलं.

पाचव्या दिवशी रफीकभाई स्वतः घरी आले, हातात मोबाइल.

"सर, फोनवर काय सांगितलंत तुम्ही?"

"सत्य."

"किती?"

"संदर्भासहित."

ते मोबाइलवर वाचू लागले. "तंबाखू, तीस वर्षं. दारू, धार्मिक कारणाने, वारंवार. झटके, एकदा, साक्षीदार तीन." त्यांनी मान वर केली. "नामंजूर. एकाच अर्जात दोघं, म्हणून वहिनींचंही नामंजूर."

सुमती हसून हसून दमली. "जाऊ द्या हो, रफीकभाऊ. जुनी आहेच की. खडे काय, यादीतल्या डॉक्टरांनाही काढता येतात."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तिचं हसू थांबलं.

"अहो? जुनी आहे ना?"

मी पत्राचं सांगितलं. रफीकभाई खुर्चीत मागे रेलले. "या अल्ला! म्हणजे परवा जुनीपण जाणार. मग खड्यांसहित वहिनींना आता कोण घेतंय? घेतलं तरी वर्षं पुन्हा पहिल्यापासून."

सुमतीने पोटावर हात ठेवला. "तुमचे संकेत राहू द्या," ती हळूच म्हणाली. "दुखतं मला."

सहाव्या दिवशी सकाळीच आम्ही जुन्या कंपनीच्या चिंचवडच्या शाखेत हजर. खिडकीवरच्या बाई निघोजे गावच्या होत्या.

"काका, त्ये पत्र तुमचंच व्हय? लय भारी लिव्हलंय! आमी समद्यांनी वाचलं. लोकांची कागदं अर्धवट असत्यात, तुमच्यात चूकच न्हाई. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. उद्या बंद व्हतीय."

"ते मागे घ्यायचं आहे."

"घ्या की. उद्यापातूर घेता येतंय. हितं कारण लिव्हा."

मी पेन काढलं. 'प्रस्तुत विनंतीची पार्श्वभूमी विशद करताना प्रथम हे नमूद करणे आवश्यक आहे की' इथवर आलो होतो, तोच सुमतीने कागद ओढून घेतला, दुसरा मागितला आणि लिहिलं: 'नवऱ्याने मला न विचारता पाठवले. पॉलिसी चालू ठेवावी.'

"सही करा," ती म्हणाली.

मी केली. बाईंनी वाचलं. "ह्याला म्हंत्यात कारण!" असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

दोन आठवड्यांनी यादीतल्याच एका रुग्णालयात, भोसरीला, सुमतीला दाखल केलं. रफीकभाई सोबत होते. विमा विभागातली मुलगी फॉर्म घेऊन खोलीत आली. "आधीचे काही आजार? घरात कुणाला काही?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"रफीकभाऊ," सुमती पलंगावरून म्हणाली, "यांना जरा खाली चहाला घेऊन जा."

मंजुरीचा मेसेज आला, तेव्हा आमचा दुसरा चहा चालू होता.