उलटा ठेवलेला टॅब

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, ‘आजी, शेजारच्या काकूंना आमचे फोटो दाखवायचे असले तर तू दर वेळी आम्हाला का विचारतेस?’ पोळी तव्यावर आहे असं सांगून मी विषय बदलला. पोळी तव्यावर नव्हती. खरं उत्तर लांब आहे आणि त्यात मी फारशी चांगली दिसत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे.

नोकरीचं माझं शेवटचं वर्ष मोहने गावाजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत गेलं. डोंबिवलीहून रोज जायचे. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझी मराठी पुस्तकातली आहे असं सहकारी बायका हसून म्हणत. त्या वर्षी एका कंपनीने शाळेला सहा टॅब दिले आणि ते माझ्या चौथीच्या वर्गाकडे आले. मी त्यांना एक ते सहा आकड्यांची लेबलं लावली, लोखंडी कपाटात टॉवेलवर ओळीने ठेवले आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

पहिल्या आठवड्यात टॅब उघडलेच नाहीत. आधी नियम केले. मुलांनीच सांगितले, मी फळ्यावर लिहिले. पासवर्ड मित्रालाही सांगायचा नाही. टॅबवर भीती वाटेल असं काही दिसलं किंवा कुणी अनोळखी माणसाने काही विचारलं, तर टॅब उलटा ठेवायचा, हाताची घडी घालायची आणि बाईंना हाक मारायची. आणि ज्याचा फोटो किंवा आवाज असेल, त्याला विचारल्याशिवाय तो कुणाला पाठवायचा नाही. हे सगळं मोठ्या कार्डशीटवर उतरवलं आणि खाली सगळ्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून ठसे दिले. ‘बाई, तुमचा पण,’ मुलं म्हणाली. माझा ठसा उजव्या कोपऱ्यात होता, सगळ्यात मोठा.

मग आम्ही मातीचे सिनेमे करायला लागलो. शाडूची बाहुली करायची, तिला जरा हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा जरा हलवायचं. मांजर दोन पावलं चालायला अख्खा तास जाई.

‘बाई, हिच्या मांजरीची शेपटी परत पडली.’

‘अरे, मग बिनशेपटीची चालू दे ना.’

‘बिनशेपटीची उंदीर वाटते, बाई.’

ती मांजर ज्या मुलीची होती, ती वर्गात फार कमी बोलायची. तिच्या घरी आगरी बोलतात, आणि वर्गात तोंड उघडलं की कुणीतरी हसायचं. पण सिनेमासाठी घरातल्या मोठ्या माणसाची गोष्ट रेकॉर्ड करून आणायची होती, आणि तिने आईच्या फोनवर आपल्या आजीची आणली. नवी नवरी असताना आजीला इतकी भूक लागली की तिने झाकून ठेवलेला भात चोरून खाल्ला आणि सासूला मांजरीचं नाव सांगितलं. ‘भात खाल्ला मीनी, आन मार खाल्ला मांजरीनं,’ असं म्हणून ती म्हातारी जी हसली, त्या हसण्याला आमचा अख्खा वर्ग हसला. पहिल्यांदा त्या मुलीच्या बोलीला नाही, तिच्या गोष्टीला हसला. ती खाली बघत होती, पण कान लाल झाले होते.

रेकॉर्डिंग देताना ती म्हणाली होती, ‘बाई, आजी म्हणते, वर्गापुरतंच हां.’

‘वर्गापुरतंच,’ मी म्हणाले.

आठवड्याभराने केंद्रप्रमुख शाळेला भेट द्यायला आले. त्यांनी अर्धा झालेला सिनेमा बघितला, आवाज पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाले, ‘बाई, हे पालकांना दाखवा की. लोकांना कळू दे, आपल्या शाळेत काय चालतं ते.’ ते गेल्यावर मी स्टाफरूममध्ये चहा घेत बसले आणि ते सगळं, आवाजासकट, पालकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘चौथीचा उपक्रम.’ अंगठे आले, फुलं आली. मला फार बरं वाटलं. वर्गाच्या भिंतीवर लावलेला नियमांचा कार्डशीट स्टाफरूममधून दिसत नव्हता, पण दिसला असता तरी मी थांबले असते का, हे मला सांगता येत नाही.

पुढच्या सोमवारी तासाला सुरुवात झाली आणि मी बघितलं, तर त्या मुलीने सहा नंबरचा टॅब उलटा ठेवला होता आणि हाताची घडी घातली होती. हाक मात्र मारली नव्हती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ‘काय झालं गं? कुणी अनोळखी माणसाने काही विचारलं का?’

‘नाही बाई.’

‘मग?’

‘आजीचा आवाज सगळ्यांकडे आहे.’

ग्रुपमधल्या कुणी तरी तो गावातल्या ग्रुपवर पाठवला होता. रविवारी नात्यात हळद होती. आजी मांडवात शिरली तशा बायका ‘म्यांव’ करायला लागल्या. जेवायला बसली तेव्हा कुणी तरी म्हणालं, ‘भात झाकून ठेवा गो.’ आजीही हसली म्हणे. घरी आल्यावर मात्र नातीला म्हणाली, ‘तू बोललीस वर्गापुरता.’

‘मी सांगू का आजीला? म्हणजे, तुझी नाही, माझी चूक आहे असं?’ मी विचारलं. माझं वाक्यसुद्धा नीट झालं नाही.

‘तुम्ही विचारलं नाहीत, बाई,’ ती म्हणाली. रागाने नाही. धडा वाचून दाखवावा तशी.

मी ग्रुपवरून ते काढून टाकलं आणि पालकांनाही काढायला सांगितलं. एका बाईंनी लिहिलं, ‘बाई, एवढं काय त्यात, मस्त तर आहे.’ मग मी जे केलं, त्याची मला अजून जास्त लाज वाटते. मी आजींना माफीचं पत्र लिहिलं. समास सोडून, सुवाच्य, एकही खाडाखोड नसलेलं. ते पाकिटात घालून मुलीच्या दप्तरात दिलं. आजीला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे माझी माफी त्या नऊ वर्षांच्या मुलीने मोठ्याने वाचायची होती. रिक्षाने त्यांचं घर दहा मिनिटांवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, ‘वाचून दाखवलंस? काय म्हणाली?’

‘अक्षर छान आहे म्हणाली.’

सिनेमा तिने पुरा केला नाही. मी आग्रह केला नाही. तेवढं तरी शहाणपण आलं होतं. मांजर भाताच्या टोपाशी एक पाय उचलून उभी राहिली. मे महिन्यात मी निवृत्त झाले.

आजींकडे जायला मला वर्ष लागलं. सुनेने चहा आणून दिला. नात शिकवणीला गेली होती. आजी माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होत्या. बसा. बरं चाललंय. पाऊस कमी आहे. त्यांचं लक्ष सारखं माझ्या पर्सकडे होतं. शेवटी म्हणाल्या, ‘मोबाईल चालू आहे का, बाई?’

मी तो घरी ठेवून आले होते. तसं सांगितलं आणि पर्स उघडून त्यांच्यापुढे धरली. चष्म्याची डबी, रुमाल, किल्ल्या. त्या हसल्या. ‘अवो बाई, मी काय पोलीस हाय?’ मग थोड्या वेळाने, कपबशी उचलताना, ‘नात आता गोष्ट मागत नाय. आन मी पण सांगत नाय.’

मी समोर बसून माफी मागितली. त्यांनी मान हलवली. पण जे गेलं होतं ते माझं नव्हतंच. ते त्या दोघींचं होतं, आणि ते परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं.

म्हणून विचारते. तुम्ही नको म्हणालात, तर मी फोन टेबलावर उलटा ठेवते आणि काकूंना तोंडाने सांगते, थोरलीचे पुढचे दात आले आणि धाकटा आता सायकल चालवतो. हेही सांगितलेलं चालतं का, ते मला कळवा.