धोंडाबाईंची मिसरी

राजगडावर गेला असाल तर धोंडाबाईंचं ताक तुम्ही प्यायला असाल. साठी ओलांडली तरी दर शनिवार-रविवार त्या ताकाची कळशी डोक्यावर घेऊन पालीहून गड चढतात आणि वर दमलेल्या पुणेकरांची यथेच्छ टिंगल करतात. मी गावची आशा सेविका, सुप्रिया; त्यांना मावशी म्हणते. मागच्या वर्षी त्यांचा रक्तदाब एकशे ऐंशी आला, तेव्हा मला वाटलं यंत्रच बिघडलं.

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि दाब उतरेपर्यंत गड बंद केला. गोळीचं मावशींना काही वाटलं नाही, पण गड बंद झाला ते फार लागलं. "घरात बसून काय कौलं मोजू?" म्हणाल्या. गोळी एक दिवस चुकली नाही, खर्डाही सुटला. तरी तीन महिने दाब हलेना. मी आधीच तापट. "चोरून लोणचं खाता तुमी," असं तोंडावर बोलले. मावशींचे डोळे भरले. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या खेपेला मी ठरल्या वेळेआधीच पोचले. मावशी उंबऱ्यावर बसून दातांना मिसरी घासत होत्या.

"मावशी, तंबाखू खात न्हाई म्हणाला होता ना तुमी?"

"तंबाखू कुठं खाते म्या? ही दाताची मिसरी. तू यायची असलीस की दोनदा लावते. दवाखान्याच्या माणसापुढं तसंच कसं बसायचं?"

मी कपाळाला हात लावला. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावली की दाब चढतो, आणि मी नेमका तेव्हाच मोजत होते. चूक माझीही होतीच. 'तंबाखू खाता का?' एवढं विचारून मी फॉर्मवर फुली मारली होती. मिसरीचा डबा माझ्या सासरीही आहे, पण ते काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मिसरी सुटायला पाच महिने लागले. त्या काळात मावशी सुनेवर, कोंबड्यांवर आणि सगळ्यात जास्त माझ्यावर खेकसल्या. शेवटी दाब एकशे तीसवर आला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली.

पहिल्या दिवशी मी यंत्र पिशवीत घालून त्यांच्यासोबत निघाले. निम्म्या वाटेत मलाच गरगरलं. मावशींनी कळशी उतरवली, मला दगडावर बसवलं.

"काढ ते यंत्र."

"तुमचं वर गेल्यावर बघू."

"माजं न्हाई, तुजं."

एकशे अठ्ठावन्न. चढाचा दम असेल म्हणून थोडं बसून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. आख्ख्या गावाचा दाब मोजणाऱ्या मी स्वतःचा कधी मोजलाच नव्हता.

"चल खाली, डाक्टरकडं," म्हणत मावशींनी कळशी उचलली. इतके महिने ज्याच्यासाठी झुरल्या तो गड समोर होता आणि त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मला रडूच आलं. त्यांना मात्र रडायला सवड नव्हती. उतरताना वर चढणाऱ्या पोरांना त्या ताक पाजत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "ही आमची आशाताई. लई हुशार हाय. हिलाबी बीपी निघालं, तुमीबी बघून घ्या."