बेचाळीस नंबरची डाळ

प्रल्हाद निकमांच्या घरी खंडेनवमीला पाटावर जे मांडलं जातं ते पाहून पहिल्यांदा येणाऱ्याला हसू येतं. एक लांब टॉर्च, एक वॉकी-टॉकी, चाव्यांचा जुडगा आणि त्यांची बायको स्मिता हिचं लाटणं. वॉकी-टॉकी ड्यूटीची, तिला डाग पडून चालत नाही. म्हणून हळद-कुंकू कागदाच्या चिठोऱ्यावर लावायचं, तो चिठोरा तिला चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी अलगद काढून घ्यायचा, अशी निकमांची पद्धत.

निकम साताऱ्याकडचे. सतरा वर्षं सैन्यात होते, आणि त्यातली अकरा वर्षं कंपनीच्या कोतच्या चाव्या त्यांच्या कमरेला होत्या. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. प्रत्येक रायफलच्या दस्त्यावर नंबर. रायफल बाहेर जाताना नंबर लिहायचा, वेळ लिहायची, नेणाऱ्याची सही घ्यायची. परत आली की पुन्हा तेच. हवालदार म्हणून ते निवृत्त झाले, आणि गेली चौदा वर्षं दुबईतल्या एका खासगी विद्यापीठाच्या दोन नंबरच्या गेटवर आहेत. आता सुपरवायझर. पहाटे सिक्युरिटी कंपनीची व्हॅन मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातून बाकीच्या गार्डना घेऊन निघते आणि शारजातल्या अल नहदाच्या कोपऱ्यावर, घराजवळ, निकमांना उचलते. चौदा वर्षांत व्हॅनला त्यांची वाट पाहावी लागलेली नाही.

गेटवर त्यांच्याकडे काठीसुद्धा नसते. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये दोन मुलं एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती. भोवती पन्नास जण मोबाइल धरून उभे. निकम त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आयडी कार्ड दिखाओ." एकाचं कार्ड पाकिटात, दुसऱ्याचं गाडीत. कार्ड शोधता शोधता दोघांचाही राग उतरला. घरी आल्यावर निकमांनी हे सांगितलं नाही. स्मिता एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, तिला तो व्हिडिओ तिथल्या नर्सने दाखवला.

त्यांची एकुलती एक मुलगी इरा. जन्म सातारचा, पण वाढ सगळी शारजाची. गेल्या डिसेंबरात ती बारावीला होती, तेव्हा तिला टेक्सासमधल्या एका विद्यापीठातून पत्र आलं. प्रवेश आणि भरघोस स्कॉलरशिप. जानेवारीअखेर पालकांच्या सहीचा कागद पाठवायचा होता. स्मिताने क्लिनिकमध्ये पेढे वाटून टाकले. निकमांनी मात्र विद्यापीठाची सगळी माहिती मोबाइलवर चष्मा लावून वाचली. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "तिथे पोरं पिस्तूल घेऊन वर्गात बसतात?"

"सगळी नाही, बाबा," इरा म्हणाली. "ट्वेंटी-वन प्लस. आणि परवाना असलेलीच."

"शेजारी बसलेल्याकडे आहे की नाही ते दिसतं?"

"कन्सील्ड असतं. दिसत नाही. दॅट्स द पॉइंट."

निकमांनी पुढचा घास घेतला नाही. स्मिता म्हणाली, "अहो, एवढी मुलं शिकतात तिथे. तुमचं आपलं काहीतरी."

योगायोग असा, की शाळांच्या वादविवाद स्पर्धेत त्या वर्षी हाच विषय निघाला होता. कॉलेजच्या आवारात शस्त्र बाळगू द्यावं की नाही. चिठ्ठीत इराच्या वाट्याला 'द्यावं' ही बाजू आली. आधी ती वैतागली. मग वाचत गेली आणि तिला ते पटत गेलं. निदान घरात तरी ती तसं बोलायला लागली. एकट्या मुलीला रात्री लायब्ररीतून परतायचं असतं. पोलीस यायला वेळ लागतो. जबाबदार माणसाच्या हातात शस्त्र असेल तर बाकीचे सुरक्षित. एका संध्याकाळी ती सहज म्हणून गेली, "मीपण एकवीसची झाले की परवाना काढेन. सेफ्टीसाठी. मग तर तुम्हाला टेन्शन नको ना?"

निकम उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तूरडाळीचं एक किलोचं बंद पाकीट घेऊन आले. त्यांनी मार्करने त्यावर रायफलला असतो तसा मोठा नंबर काढला, बेचाळीस.

"भरलेलं पिस्तूल साधारण एवढंच असतं," ते म्हणाले. "आठ दिवस हे तुझ्याजवळ ठेव. शाळा, बस, ट्यूशन, बाथरूम, सगळीकडे. कुणाला दिसता कामा नये, आणि तुझ्या हाताच्या अंतराबाहेर एक क्षणही जाता कामा नये. आठ दिवसांनी माझ्याकडे जमा कर. मग तुझ्या कॉलेजच्या कागदावर मी सही करतो."

"बाबा, सीरियसली? इट्स जस्ट डाळ."

"म्हणूनच देतोय. सोमवारपासून."

स्मिता त्या दिवशी त्यांच्यावर मनापासून चिडली होती. मुलीचं आयुष्य डाळीवर टांगतात, असं तिने बहिणीला फोनवर ऐकवलं. पण इराला ते आव्हान आवडलं. निकमांनी कोतमधल्यासारखी एक वही केली. इराने सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डाळ नेल्याची सही केली.

पहिल्या दोन दिवसांत तिला कळलं की एक किलो ही फार अडचणीची गोष्ट असते. पीटीला बॅग वर्गात ठेवायची असते, म्हणून ती पीटी बुडवून बॅगेपाशी बसून राहिली. मैत्रीण सान्वी चार्जर घ्यायला तिच्या बॅगेत हात घालणार, तशी ही तिच्या अंगावर खेकसली. सान्वीने तिच्याशी बोलणंच सोडलं. बाथरूमच्या हुकाला बॅग लटकवून आत बसलं की हुक तुटेल ही धास्ती. "बॉयफ्रेंड असता तर एवढा चिकटला नसता," ती आईला म्हणाली, आणि आईने तिला लाटणं दाखवलं.

बुधवारी स्पर्धा झाली. निकम ड्यूटीच्या शर्टातच आले आणि शेवटच्या रांगेत बसले. इरा सुरेख बोलली. शस्त्र वाईट नसतं, बेजबाबदार हात वाईट असतो. परवाना, प्रशिक्षण आणि शिस्त असेल तर विद्यार्थ्यावर विश्वास का नको, असं तिने अडखळल्याशिवाय मांडलं. तिला पहिला नंबर मिळाला. बोलतानाही डाळीची बॅग तिच्या पायाशी होती. निकमांनी टाळ्या वाजवल्या. व्हॅनमधल्या एका गार्डला, विष्णूला, त्यांनी नंतर सांगितलं, "मुद्दे माझ्या विरुद्ध होते. पण बोलली काय, विष्णू." विष्णू सांगतो की, त्या दिवशी निकम पहिल्यांदा व्हॅनमध्ये सगळा रस्ता बोलत होते.

ट्रॉफी फ्रिजवर ठेवली गेली. पुढच्या सोमवारी, आठव्या आणि शेवटच्या दिवशी, इरा शाळेतून तीन वाजता घरी आली. हातपाय धुतले, बॅग उघडली, आणि डाळ नव्हती.

काय झालं होतं ते तिला हळूहळू आठवलं. बसमध्ये ट्यूशनची वही शोधायला तिने पाकीट बाहेर काढून बाजूला ठेवलं होतं. तेवढ्यात सान्वी इतक्या दिवसांनी शेजारी येऊन बसली. दोघी बोलत राहिल्या, आणि उतरताना वही बॅगेत गेली. एवढंच.

त्या दिवशी स्मिताची सुट्टी होती. मुलीचा चेहरा पाहून तिने सगळं विचारून घेतलं, मग वरच्या फळीवरून तूरडाळीचं दुसरं पाकीट काढलं. त्याच कंपनीचं, एक किलोचं. शेजारी मार्कर ठेवला.

"लिही बेचाळीस," ती म्हणाली. "डाळ ती डाळ. चार वाजता ते येतील, जमा कर आणि मोकळी हो. एवढ्यासाठी कुणी अमेरिका सोडत नाही."

इराने टोपण काढलं. चारचा आकडा काढला, अगदी बाबा काढतात तसा. मग ती थांबली.

"लिही ना."

"आई, खरं पिस्तूल असतं तर ते आत्ता कुणाच्या हातात असतं?"

"खरं नाहीये ते."

"हो, पण मी तर बुधवारी सगळ्यांना सांगितलं की माझ्यासारख्यांवर विश्वास ठेवा." तिने टोपण लावलं. "मी नाही लिहीत."

स्मिता तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. तिला फॅमिली क्वार्टरमधला तो ओटा आठवला, वीस वर्षांपूर्वीचा. फायरिंगवरून कंपनी परत आली होती. घाई होती, म्हणून निकमांनी मोजण्याआधीच रजिस्टरवर सही केली होती, आणि संध्याकाळी एक गोळी कमी भरली होती. जमवून घेता येत होतं. सगळेच जमवतात, असं बरोबरचे सांगत होते. आणि स्मिताही म्हणाली होती, "भरून टाका, कुणाला कळतंय." निकम गणवेश चढवून साहेबांकडे स्वतःच गेले होते. गोळी दोन दिवसांनी एका जवानाच्या पाउचमध्ये सापडली, पण निकमांच्या सर्व्हिस बुकात लाल शाईची नोंद झाली. नायब सुभेदार व्हायचं होतं ते राहूनच गेलं. स्मिता त्यावर वर्षभर धुसफुसत होती. इराला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

चार वाजून पाच मिनिटांनी लॅच उघडलं. निकमांनी बूट काढले, ते नेहमीसारखे जोडीने लावले. इरा समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, डाळ हरवली. तीन दहाला कळलं. बसमध्ये राहिली असावी, पण नक्की माहीत नाही. चूक माझीच आहे."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"आईला. आणि आता तुम्हाला."

निकमांनी खांद्यावरच्या पिशवीतून बेचाळीस नंबरचं पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं. शाळेच्या बसवर हव्वाबी म्हणून हैदराबादच्या एक बाई आया आहेत. त्यांच्याकडे पालकांचे नंबर असतात. मुलं उतरल्यावर सीट तपासताना त्यांना पाकीट दिसलं आणि त्यांनी निकमांना फोन केला होता, "भाई, तुम्हारी बच्ची सौदा-किराना भूल गई बस में. दूसरे फेरे में नीचे आती मैं, ले लो." निकम व्हॅनमधून उतरले आणि पाकीट घेऊनच वर आले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," इरा म्हणाली.

"डाळ सापडली हे माहीत होतं. तू काय करशील ते माहीत नव्हतं." मग त्यांची नजर ओट्याकडे गेली. तिथल्या पाकिटावर नुसता चार होता. त्यांनी तो पाहिला, स्मिताकडे पाहिलं. "हे काय, बेचाळीसचं पिल्लू?"

"माझं आहे ते," स्मिता म्हणाली. "मी सांगितलं होतं लिही म्हणून. तिने नाही लिहिलं." आणि मग, इतक्या वर्षांत कधी न बोललेली गोष्ट ती ओट्याशी उभ्या उभ्या बोलून गेली. "तुमच्यावर गेलीय. मी तेव्हाही चुकले होते, आणि आजही."

इराने विचारलं, "तेव्हा म्हणजे?" मग तिला गोळीची गोष्ट सांगावी लागली. ती स्मितानेच सांगितली, अगदी साहेबांच्या ऑफिसबाहेर निकम किती वेळ उभे होते तेही. निकम मधूनमधून "अगं, पुरे" म्हणत होते, पण उठून गेले नाहीत.

चहा झाल्यावर त्यांनी वही मागवली. आठव्या दिवसापुढे लिहिलं: हरवली, तीन दहा. स्वतःहून कळवलं, चार पाच. मग इराला म्हणाले, "तो कागद आण."

"पण मी तर फेल झाले."

"आठ दिवस कुणीच पास होत नाही. मी अकरा वर्षांत नाही झालो." त्यांनी चष्मा लावला. "तिथला कायदा मला बदलता येणार नाही. शेजारच्याच्या बॅगेत काय आहे ते तुला दिसणार नाही, आणि मला इथे झोप लागणार नाही. तू घेशील का पिस्तूल?"

"नाही," इरा म्हणाली. "पीटी बुडते."

निकम हसले. स्मिता सांगते की, हवालदार झाल्यावर फोटोत हसले होते, त्यानंतर तसे आताच. त्यांनी सही केली, आणि सवयीप्रमाणे तिच्याखाली वेळ टाकली. फॉर्मवर वेळेचा रकाना नव्हता. इरा म्हणाली, "असू द्या बाबा, तसंच पाठवते."

दोन्ही पाकिटं त्याच आठवड्यात आमटीत गेली. चार नंबरचं आधी फोडायचं, असं निकमांनी सांगितलं होतं.