दाराआडचं ऑलिम्पिक

ऑलिम्पिक कुठल्याही देशात भरो, त्याचा कारभार एरंडोलजवळच्या आमच्या गावातून, स्वतःच्या ओट्यावरून चालतो, असं माझ्या जेठांचं ठाम मत होतं. जेठ म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. जळगावच्या पुढं ते तोवर गेले नव्हते. पण लॉस एंजेलिसच्या वर्षी भर दुपारी ओट्यावर कुणी मोठ्यानं हसलं, तर दटावत, "हळू! तठे रात शे, खेळाडू झोपेल शेतस."

संचलनात ग्रीस पहिला आणि यजमान देश शेवटी, ही रीत त्यांना फार आवडायची. मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीतलं पहिलं पान गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मांडलं. व्याही रुसले. "आधी ग्रीसले बसू द्या," जेठ म्हणाले. हे ग्रीस कोणाकडचे, ते व्याह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जेठ यजमान म्हणून सगळ्यांच्या मागून जेवायला बसले, तेव्हा बट्ट्या संपून नुसतं वरण उरलं होतं. घरातही पदकं वाटत. जेठाणीच्या भरिताला एकदा कांस्य दिलं.

"मंग सोनं कोणले दिधं?" जेठाणीनं विचारलं.

"मन्ही मायले."

"मंग तिलेच सांगा भाकर टाकाले!" सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

त्याच लॉस एंजेलिसच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पेपर एसटीनं दुपारी येई, तो वाचणार कोण? जेठाणीला अक्षरओळख नाही, मालक शेतात. उरले मी, चौथी शिकलेली. पण आमच्याकडं सून जेठासमोर येत नाही, बोलत तर नाहीच. तोड जेठाणीनंच काढली. मी दाराआड बसून वाचायचं, आणि वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे. लग्नानंतर पुड्यांचे कागद सोडले, तर मी काही वाचलं नव्हतं. अडखळत वाचायचे. जेठ दाराला विचारत, "भारतनं काय व्हयनं?"

एके दिवशी वाचलं, आपली एक मुलगी अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली, पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. ओट्यावरचं कुणीतरी म्हणालं, "चौथी म्हणजे काहीच नही."

"कसं नही?" जेठ म्हणाले. "आमनं सारं घर चौथीवर वाचस."

पुढं धुळ्याला त्यांचं ऑपरेशन झालं. चष्मा लागला, त्या दिवशी मी पेपरची घडी ओट्यावर ठेवली आणि आत आले. माझं वाचणं संपलं होतं. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. थोड्या वेळानं तीच घडी दाराच्या फटीतून आत सरकली. "डॉक्टरनी बारीक अक्षर वाचाले नही सांगेल शे," जेठांनी दाराला कळवलं. लगेच लांब फाट्यावरच्या एसटीची पाटी वाचून ओट्यावरच्यांना म्हणाले, "चला, अमळनेर उनी." जेठाणीनं माझ्याकडं पाहिलं. मी पिठाचे हात पुसले.

सोल झालं, बार्सिलोना झालं. भारताचं काही झालं नाही.

अटलांटाला झालं, टेनिसमध्ये. तोवर जेठ गेले होते आणि मी पेपर मनातल्या मनात वाचत असे. त्या दिवशी मात्र दाराआड जाऊन बसले आणि रिकाम्या ओट्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. भारताला कांस्य.

लसूण सोलता सोलता जेठाणीनं विचारलं, "मना भरीतले भेटनं व्हतं, तेच ना?"

"तेच," मी म्हणाले.