आश्रितांचा रकाना

अनिकेत, मुक्ता,

सांगली सोडायच्या आदल्या दिवशी मी पुरवठा कार्यालयात जाऊन शिधापत्रिकेवरचं माझं नाव कमी करून घेतलं. तुमचे आजोबा गेल्यापासून कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून मी होते. कुटुंबात एकटी, तरी प्रमुख. कारकुनाने नावावर तांबडी रेघ मारली आणि म्हणाला, "बाई, आता मुलाकडे आराम करा." तो माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा. ही २००२ सालची गोष्ट.

मग अमेरिकेत, ओहायोतलं डब्लिन. तुमच्या मामाचं घर मोठं, स्वच्छ आणि दिवसभर रिकामं. कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी कुणीतरी ड्राइव्ह करून नेईपर्यंत बसून राहायचं. मामीने मला मायक्रोवेव्ह शिकवला, तोही दोनदा, मोठ्या आवाजात. मी तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं होतं, पण त्याबद्दल कुणी कधी एका अक्षराने विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्राचा कोर्स घेतला. फी माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून भरली. वर्गात सगळ्यांत म्हातारी मी, आणि पहिली आलेलीही मीच.

जानेवारीत फीचा कागद कॉलेजातून माझ्या नावाने आला. मामाने तो मागून घेतला. शिक्षणाच्या खर्चावर टॅक्समध्ये क्रेडिट मिळतं, तेवढा कर कमी होतो, असं त्याने सांगितलं. कुणाचा कर, ते सांगितलं नाही. माझे वडील म्हणत, "न वाचता कागद पुढे सरकवू नये." म्हणून मी त्याचा फॉर्म वाचला. वर करदाता तो. खाली डिपेंडंट्स, म्हणजे आश्रितांच्या रकान्यात, मी. आणि माझ्या फीचं क्रेडिट त्याच्या करातून वजा.

"आई, नुसता फॉर्म आहे तो," मामा म्हणाला. "तू डिपेंडंट असलीस की फी मीच भरली असं कायदा धरतो."

"आणि परीक्षा कोणी दिली असं धरतो?"

मामी म्हणाली, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, आई राहतात तर इथेच. ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मामाने विचारलं असतं तर मी सगळं क्रेडिट आनंदाने दिलं असतं. त्याला विचारावंसंच वाटलं नाही.

मग मी कराच्या फॉर्मची सूचनापुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढली. वर्षाचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर आई डिपेंडंट राहत नाही. तेवढ्यासाठी मी नोकरी धरली. तुमच्या आईला फोनवर सांगितलेली बाकीची कारणं खोटी होती. कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये बीजगणित शिकवायचं काम मिळालं. बस स्टॉपपर्यंत पाऊण तास चालत, बर्फात, साडीखाली मामाचे जुने बूट घालून. शेजारी काय म्हणतील, असं मामा म्हणाला. त्या शेजाऱ्यांनी दोन वर्षांत माझ्याशी एक शब्द काढला नव्हता.

ऑक्टोबरात मर्यादा ओलांडली. त्या वर्षीचा माझा वेगळा फॉर्म मी स्वतः शाईने भरला. दरम्यान आणखी एक कोर्स केला होता. मी आश्रित उरले नाही म्हणून त्याचं क्रेडिट मामाला मिळालं नाही. माझा करच मुळात शून्य निघाला, म्हणून मलाही नाही.

"कुणाचाच फायदा झाला नाही, आई," मामा म्हणाला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

मुक्ता, तुला इथे शिकायला यायचंय असं कळलं. जरूर ये. मामाकडे उतर, पोटभर जेव, पण तुझ्या नावाचा कागद कुणी मागितला तर आधी स्वतः वाच.

सांगलीचं घर विकलं, हे घर मामाचं आहे. शिधापत्रिकेवरून नाव कमी केल्याचा दाखला आणि माझा कराचा फॉर्म मी एकाच फाइलमध्ये लावले आहेत. आता घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मला ती फाइल आठवते. फॉर्मच्या वरच्या ओळीत माझं पूर्ण नाव आहे. खाली आश्रितांच्या रकान्यात कुणी नाही.

तुमची आजी