शिट्टी वाजली आणि मोगरा संघ आलाच नाही

दरवर्षी आमच्या पथकाचं शिबिर म्हणजे तंबू ठोकायचे, गाठी मारायच्या, शेकोटीभोवती घसा बसेपर्यंत गायचं आणि घरी येऊन तीन दिवस झोपा काढायच्या. मजा येते, नाही असं नाही. पण या वर्षी वैशालीटीचरनी शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता काडी टाकली. वैशालीटीचर म्हणजे आमच्या शाळेतल्या गाइड मुलींच्या प्रमुख. मी स्काउट मुलं बघतो, त्या गाइड मुली बघतात, आणि मला कोण बघतं ते आमच्या घरी विचारा.

त्या म्हणाल्या, "सर, तुमची पोरं नेतृत्व नेतृत्व करून घोषणा देतात. माझ्या मामाच्या बांधावर आणा एकदा त्यांना. खरं काम असलं की कोण पुढारी आणि कोण प्रवासी ते कळेल."

त्यांचे मामा डिचोली तालुक्यातल्या आमोण्याचे. गाव मांडवीच्या काठावर. नदीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे मातीचे लांबच लांब बांध आहेत, आणि ते दरवर्षी हातांनी लिंपावे लागतात. आता हे काम करायला माणसं मिळत नाहीत. ठरलं तर. नाताळच्या सुट्टीत आमचं चार संघांचं पथक पेडण्याहून आमोण्याला निघालं. मुलांचे वाघ आणि गरुड, मुलींचे कमळ आणि मोगरा.

जाणाऱ्यांसाठी आधी रस्ता सांगतो. पेडण्याहून कोलवाळचा पूल ओलांडायचा, म्हापसा, अस्नोडा, मग शिरगावावरून डिचोली. शिरगावच्या आसपास रस्त्याकडेची झाडं अजून खाणीच्या धुळीने तांबूस दिसतात. सरकारी बसने गेलात तर डिचोलीला उतरून दुसरी गाडी पकडावी लागते. आम्ही भांडीकुंडी आणि फावडी घेऊन निघालेलो, त्यामुळे मिनीबस ठरवली. सगळ्यांत वाटून घेतल्यावर एका थाळीपेक्षा कमीच पडली. गाडीत गाणी सुरू झाली ती अस्नोड्याला एकजण ओकला तेव्हा थांबली, आणि तो पुसून झाल्यावर परत सुरू झाली.

उतरल्या उतरल्या वाघ संघाचा नायक अनिकेत हात उंच करून मोबाइल फिरवायला लागला. "सर, हय रेंजच नाय!"

"वा," मी म्हटलं, "पहिल्यांदाच एखादी जागा माझ्या मनासारखी मिळाली."

राहायची सोय गावच्या शाळेच्या दोन खोल्यांत होती. तुकाराममामा, म्हणजे टीचरांचे मामा, आधीच येऊन उभे होते. लुंगी गुडघ्यापर्यंत, खांद्यावर पंचा. मुलांचे इस्त्रीचे गणवेश त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहून घेतले आणि भाचीला म्हणाले, "हीं भुरगीं चिखलांत देंवतलीं? मागीर आवय कपडे धुवपाक म्हाका आपयतली मगे!" ही पोरं चिखलात उतरली तर कपडे धुवायला त्यांच्या आया आपल्यालाच बोलावतील, ही त्यांची काळजी.

आता रेणुकाबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. रेणुका मोगरा संघाची नवी नायिका. तिचे वडील खानापूरकडचे, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. पोरगी हुशार, पण आवाज असा की पहिल्या बाकावरच्यालाही पुढे वाकावं लागतं. संघनायकाच्या खिशावर दोन हिरव्या पट्ट्या असतात. तिच्या खिशावर त्या टाचणीने लावल्या होत्या, शिवल्या नव्हत्या. शिबिर नीट पार पडलं तर शिवायच्या, नाहीतर काढायच्या, असं ठरलेलं. निघताना तिची आई बसपाशी मला म्हणाली होती, "सर, घरात दोन भावांस्नी सांभाळतीय ती. तिथं तिचं ऐकतील का वो कोण?" मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं.

पहिली सकाळ झाली ती पोदेराच्या भोंप्याने. सायकलवर पावांची टोपली घेऊन पोदेर दारात, आणि जी मुलं घरी तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाहीत ती रांग लावून उभी. गरम पाव आणि वाटाण्याची पातळ भाजी. गावात एक बाई रोज दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि खोबऱ्याची चटणी करून देत होत्या. आधी सांगून ठेवलं तर तुमच्यासाठीही करतील. वाटेत हॉटेल शोधत बसू नका.

बांधाचं काम दिसायला सोपं आहे. नदीच्या बाजूचा चिखल कापून त्याचे गोळे करायचे, हातोहात पुढे द्यायचे, बांधावर थापायचे आणि पायांनी दाबायचे. चपला पहिल्या दहा पावलांत चिखल गिळतो. अनवाणी जा. गणवेश नेऊ नका, आणि नेलात तर परत पहिल्यासारखा होईल ही आशा सोडा. मामांनी कमरेपर्यंत उतरून दाखवलं. "वयल्यान मारूं नाकात रे. सकयल्यान दामात, पायान, पायान!" मुलं वरून थापत होती, कारण वरून थापलं की छान गुळगुळीत दिसतं. मामांनी तो गुळगुळीत भाग एका लाथेत खाली पाडला. त्यानंतर मुलं खालून दाबायला शिकली.

स्काउटच्या पद्धतीत मोठ्यांनी मध्ये पडायचं नसतं. काम संघाला द्यायचं, संघ नायकाच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. बांधावरच्या माडाखाली बसून मी इतक्या वेळा ओठ चावले की टीचरनी मला शेंगदाणे आणून दिले, तोंड चालू राहावं म्हणून.

अनिकेतचा वाघ संघ जोरात होता. अनिकेत ओरडायचा, पोरं धावायची. मोगरा संघात कुणी ओरडत नव्हतं. रेणुका आपली चिखलात उभी राहून गोळे दाबायची, आणि कुणाचे हात थकले की काही न बोलता तिच्या जागी जाऊन उभी राहायची. दुपारपर्यंत मला वाटत होतं की ही नायिका नव्हे, ही हमाल आहे. टीचर म्हणाल्या, "शेंगदाणे खा सर."

दुसऱ्या दिवशी मामांनी मुलांना खरंखुरं काम दिलं. बांधाचा एक खचलेला पट्टा वरून कापून काढायचा आणि संध्याकाळच्या भरतीआधी नव्याने भरून उंच करायचा. आतल्या बाजूला मामांचा वायंगणाचा, म्हणजे हिवाळी भाताचा, कोवळ्या रोपांचा हिरवा तरवा होता. खारं पाणी शिरलं की तो गेला. चारही संघांना एकेक तुकडा वाटून मामा पेंढा आणायला घरी गेले.

सूर्य कलला तेव्हा कमळ आणि गरुडांचं काम झालं होतं. वाघांचं होत आलं होतं. मोगऱ्याला सगळ्यात खोल तुकडा मिळालेला, तो अजून वीतभर कमी होता. आणि शिबिरात सूर्यास्ताला ध्वज उतरवायचाच. त्याला उशीर चालत नाही. मी शाळेच्या अंगणात गेलो आणि शिट्टी वाजवली.

शिट्टी वाजली की हातातलं टाकून धावायचं आणि ध्वजाभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात उभं राहायचं. हे आमच्या मुलांच्या अंगात इतकं मुरलंय की काहीजण झोपेत धावतील. मीच मुरवलंय ते. वाघ सगळ्यात आधी पोचले, चिखलाने माखलेले पण ओळ अशी की दोरी लावून घ्यावी. अनिकेतची छाती फुगलेली. गरुड आले, कमळ आलं. मोगऱ्याची जागा रिकामी.

मी पुन्हा शिट्टी वाजवली. कुणी आलं नाही. माझं डोकं तापलं. ध्वज थांबवता येत नाही, म्हणून तसाच उतरवायला घेतला. अंगणातून बांध दिसत होता. मुली ओळीने उभ्या राहून पायांनी चिखल दाबत होत्या. त्यांतल्या दोघी वाघांच्या तुकड्यावर होत्या. एकटी रेणुका आमच्याकडे तोंड करून ताठ उभी होती, आणि तिचा चिखलाचा हात कपाळाशी होता. ध्वज खाली येईपर्यंत ती हलली नाही. मग वळून परत कामाला लागली.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा पाणी चढत होतं आणि मामा पेंढा अंथरत होते. सगळेच उतरलो, मीसुद्धा. पाणी वर आलं, नव्या चिखलाला लागून थांबलं आणि यथावकाश ओसरलं. वाघांच्या तुकड्याचा वरचा थर अजून ओला होता. त्यावर मोगऱ्याच्या मुलींच्या पावलांचे ठसे होते.

नियम मात्र मोडला होता. आमच्यात अशा गोष्टींचा निवाडा कोर्ट ऑफ ऑनर करतं, म्हणजे संघनायकांची सभा. स्काउटमास्तरला तिथे बसता येतं, मत नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव खाऊन झाल्यावर शाळेमागच्या फणसाखाली सभा बसली. अध्यक्ष कमळ संघाची गायत्री, शिस्तीला भारी कडक.

"शिट्टी आयकलंस?" तिने विचारलं.

"ऐकली की," रेणुका म्हणाली.

"मगे इलंस कित्याक नाय?"

"सोडून कसं येऊ वो? पाय काढला असता तर सगळं सुटलं असतं की. पाणी आलं होतं." खिशावरच्या टाचणीला हात लावून ती म्हणाली, "पट्ट्या काढा म्हटलं तर काढते मी. पण पुढं परत तसंच झालं तर परत तसंच करीन."

इतकं मोठं वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज नेहमीसारखाच बारीक. सगळे पुढे वाकले होते.

गरुडांचा नायक म्हणाला, चूक एक आहे. तिने कुणालातरी धावत पाठवून सरांना कळवायला हवं होतं. गायत्रीने मान डोलावली. रेणुकानेही डोलावली. म्हणाली, "हे सुचलं नाही मला. हे चुकलं."

मग अनिकेत उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माका एक सांगूचा आसा. आमचो तुकडो पुरो जालो नव्हतो. शिट्टी वाजली, आमी सोडून धावलाव. हिच्या पोरींनी तो धरलो. मगे हिका शिक्षा आणि आमका शाबासकी, ह्या बरोबर नाय."

मग गायत्री मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आणि सरांनी शिट्टी वाजवच्या आधी पाण्याकडे बघूक होया होता."

टीचर खोकल्या. मला मत नव्हतं, म्हणून गप्प बसलो. या वेळी शेंगदाण्यांशिवाय.

निवाडा झाला. निरोप न पाठवल्याबद्दल मोगरा संघाने आणि काम अर्धं सोडल्याबद्दल वाघ संघाने मिळून दुपारची भांडी घासायची. पट्ट्या ठेवायच्या. आणि पथकासाठी नवा नियम: शिट्टी वाजल्यावर हातातलं काम सोडण्याजोगं नसेल तर एकाने धावत येऊन सांगायचं, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. सरांना शिक्षा द्यायचा अधिकार कोर्टाला नाही, हे अनिकेतने जरा खेदानेच सांगितलं. पेजेचं मोठं पातेलं मी आपणहून घासायला घेतलं. तळाला चिकटलेली पेज निघता निघत नाही, हेही तुमच्या माहितीसाठी.

मी वीसेक वर्षं ही पथकं चालवतोय. बिल्ले, ढाली, संचलनातले पहिले नंबर, सगळं पाहिलं. पण त्या फणसाखाली त्या चार पोरांचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचाच वाटला नव्हता. पातेलं घासताना डोळे भरून आले. राख गेली म्हणून सांगितलं.

शेवटच्या दिवशी नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळात गेलो आणि तिथून फेरीबोटीने दिवाडीला जाऊन आलो. चालत जाणाऱ्याला फेरीत तिकीट नाही, मुलांनी तीन फेऱ्या मारल्या. निघताना मामा बसपाशी आले. रेणुकाच्या हातात पोह्यांची पिशवी ठेवून म्हणाले, "फुडल्या वर्सा यो. तुजो कुडको तुजेच खातीर दवरतां." पुढच्या वर्षी तिचा तुकडा तिच्यासाठी राखून ठेवणार होते. पेडण्याला बस थांबल्यावर तिच्या आईने पहिल्यांदा पोरीचा खिसा बघितला. टाचणी गेली होती. टीचरनी डिचोलीच्या आधीच पट्ट्या शिवून टाकल्या होत्या.

गणवेश अजून मातकटच आहेत. आया अजून माझ्या नावाने बोटं मोडतात.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी सवयीप्रमाणे मैदानावर उभा राहून शिट्टी वाजवली. कुणी नाही. पुन्हा वाजवणार, तेवढ्यात शाळेच्या स्वयंपाकघरामागून गरुडांतला एक पोरगा धापा टाकत आला, सलाम ठोकला आणि म्हणाला, "सर, बाकीची आता येवची नाय. छपराची कौलां उतरयतत. हातात कौलां आसत, सोडूक जमाचा नाय."

मी शिट्टी खिशात टाकली आणि त्याच्यामागून कौलं हातोहात देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायला गेलो.